नाव तेच, टायर निराळा

प्रश्न : माझ्याकडे २०१९ची रॉयल एनफिल्ड हिमालयन ४११ मोटारसायकल आहे. रोजचं जाणं-येणं साताऱ्यात, आणि महिन्यातून दोन-तीनदा महाबळेश्वर, आंबेनळी घाट, पोलादपूर करत कोकणात उतरतो. मागचा टायर कायम एकाच कंपनीचा, एकाच मॉडेलचा घेत आलो. पहिला १७,००० किमी चालला, दुसरा १६,५००. तिसरा आणला तर बिलावर नाव तेच, टायर मात्र वेगळाच! जुन्याला सुटे, मोठे ठोकळे होते. याच्या मधोमध जवळजवळ सलग पट्टा आहे आणि ठोकळे फक्त बाजूंना. दुकानदार म्हणतो, कंपनीने डिझाइन बदललं, जुना बंद. १,९०० किमी झाले. साठ-सत्तरच्या वेगाला घूं घूं आवाज येतो, वळणात गाडी एकदम आत पडते, आणि ९ मिमी खोबणीतली ७.६ मिमी उरली आहे. म्हणजे हा जेमतेम दहा हजार चालणार. पुढचा टायर जुन्याच डिझाइनचा आहे, १४,००० चाललेला. पुण्यात एका दुकानात जुन्या डिझाइनचा एक नग शिल्लक आहे, त्यावर ३७२१ छापलंय, किंमत नव्याइतकीच. तो घ्यावा का? आणि कंपनीकडे तक्रार करून काही होतं का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : तुमचा राग रास्त आहे. दोन टायर झिजवून ज्याची खात्री पटली, तेच नाव पाहून तुम्ही पैसे मोजले आणि घरी दुसराच माल आला. पण तुमच्या तीन तक्रारींपैकी किमान दोन या नव्या टायरच्या नसाव्यात, असं पत्रातल्या तपशिलावरून वाटतं. पुण्याच्या दुकानात फोन करण्याआधी एक रविवार सकाळ गाडीला द्या.

आधी आवाज. सुटे ठोकळे रस्त्यावर एकामागोमाग आपटतात तेव्हा टायर घुमतो. तुमच्या मागच्या, १२०/९०-१७ साइझच्या टायरचा घेर सुमारे २,०३५ मिमी, म्हणजे साठच्या वेगाला चाक सेकंदाला आठ फेरे मारतं. एका फेऱ्यात तीस-चाळीस ठोकळे आपटले की तुम्ही लिहिलंय तसाच आवाज निघतो. पण तुमच्या नव्या टायरच्या मधोमध सलग पट्टा आहे. सरळ रस्त्यावर तो जुन्यापेक्षा शांत असायला हवा. मग घुमतंय कोण? पहिला संशय पुढच्या चाकावर. सुट्या ठोकळ्यांचा पुढचा टायर चौदा हजारांपर्यंत करवतीसारखा झिजतो : प्रत्येक ठोकळ्याची एक कड उंच, दुसरी खाली. गाडी सेंटर स्टँडवर घ्या, पुढच्या टायरवरून तळहात एकदा चाकाच्या फिरण्याच्या दिशेने आणि एकदा उलट फिरवा. एका दिशेने गुळगुळीत लागलं आणि दुसऱ्या दिशेने कडा बोचल्या, तर चोर सापडला. आतापर्यंत मागच्या टायरच्या आवाजात तो लपून जात होता, इतकंच.

पुढचा टायर स्वच्छ निघाला तर मागचं बेअरिंग तपासा. चाक बसवताना एक्सलची (चाकाच्या आसाची) काढ-घाल झालेली असते आणि बेअरिंगचा बहुतेक वेळा त्याच सुमारास पत्ता लागतो. सेंटर स्टँडवर मागचं चाक हाताने फिरवा आणि दुसरा हात स्विंगआर्मवर (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर) ठेवा, अर्थातच चेनपासून लांब आणि इंजिन बंद ठेवून. बेअरिंग गेलं असेल तर हाताला खरखर जाणवते. रस्त्यावरही फरक कळतो : खडबडीत डांबरावरून नव्या काँक्रीटवर गेल्यावर आवाजाचा पोत बदलला तर टायर, तसाच राहिला तर बेअरिंग.

आता वळणात आत पडणं. इथे थोडं गणित करावं लागेल. जुना टायर काढला तेव्हा त्यात दीड मिमी खोबण उरली असेल, असं धरू. नव्यात नऊ. म्हणजे टायर बदलताच गाडीचं मागचं टोक साडेसात मिमीने उचललं गेलं. हिमालयन ४११चा व्हीलबेस, म्हणजे दोन चाकांच्या आसांमधलं अंतर, १,४६५ मिमी. त्या लांबीवर साडेसात मिमी म्हणजे पुढच्या फोर्कचा कल पाव अंशाहून थोडा जास्त उभा होतो. कानाला कमी वाटतं, पण हँडलला कळतं. शिवाय जुना टायर सोळा हजारांत मधोमध चपटा झाला होता. तसा टायर सरळ उभा राहायला बघतो, वळणात घालायला जोर लागतो, आणि त्या जोराची हाताला सवय होते. नवा टायर गोल असतो, तो तेवढ्याच जोरात झटकन झुकतो. थोडक्यात, तुम्ही नव्या डिझाइनची तुलना जुन्या डिझाइनशी करत नाही आहात. नव्या टायरची तुलना झिजलेल्या टायरशी करताय. जुन्याच डिझाइनचा कोरा टायर घातला असता तरी पहिले काही दिवस असंच वाटलं असतं. दुसरा टायर घातला तेव्हाही वाटलं असेल, पण तेव्हा दोष द्यायला डिझाइन नव्हतं.

उपाय साधा आहे. मागच्या शॉकॲब्सॉर्बरचा प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला ताण) एक खाच कमी करा आणि त्याच घाटात, त्याच वेगाने, एकट्याने जाऊन या. निम्मा फरक तिथेच जाईल. उरलेला फरक पुढचा टायर बदलल्यावर जाईल, कारण पुढचंही टोक झिजेने खाली बसलेलं आहे; नवा टायर ते पुन्हा वर उचलेल. तुमचा पुढचा ९०/९०-२१ चौदा हजार चाललाय, म्हणजे तसाही तो उतरणीला लागलाय. खोबणीतल्या झिजेच्या खुणा पाहा. टायरच्या बाजूला छोटा त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय अशी अक्षरं असतात, त्या रेषेत खोबणीच्या तळाशी बारीक उंचवटे असतात. दुचाकीच्या टायरवर ते ०.८ मिमी उंचीचे असतात. ठोकळे तिथपर्यंत येण्याची वाट कोकणातल्या पावसात बघू नये. पुढचा टायर २ मिमीवर काढलेला बरा. आणि पुढचा-मागचा एकाच जोडीतला घ्या. एकीकडे सुटे ठोकळे आणि दुसरीकडे सलग पट्टा ही जोडी ओल्या रस्त्यावर दोन टोकांना दोन वेगळे निरोप देते.

तिसरी तक्रार झिजेची, आणि इथे तुमचा हिशोब घाईचा झालाय. ९ मिमी हा आकडा तुम्ही स्वतः, नवा टायर घरी आणल्यावर, गेजने मोजला होता का, की दुकानदाराने सांगितला? हा फरक केवढा पडतो पाहा. ९ वरून ७.६, म्हणजे १,९०० किमीत १.४ मिमी. दीड मिमीला टायर काढायचा तर एकूण १०,२०० किमी. पण मुळात खोबण साडेआठच मिमी असेल तर झीज ०.९ मिमी, आणि त्याच हिशोबाने टायर १४,८०० किमी चालतो. अर्ध्या मिमीच्या चुकीने साडेचार हजार किमी इकडचे तिकडे! त्यात सलग पट्ट्याच्या टायरला मधल्या बारीक खाचा आणि बाजूच्या रुंद खोबणी यांची खोली सारखी नसते. एकदा इथे, एकदा तिथे मोजलं तर आकड्याला काही अर्थ उरत नाही.

असं मोजा : टायरच्या बाजूवर खडूने किंवा व्हाइटनरने तीन खुणा करा, तिन्हीत सारखं अंतर ठेवून. प्रत्येक खुणेसमोर मध्याच्या जवळची एकच, तीच ती खोबण मोजा आणि तिन्हींची सरासरी वहीत लिहा, शेजारी ओडोमीटरचा आकडा. उंचवट्यावर गेज टेकवू नका. पुन्हा २,९०० ला आणि ३,९०० ला मोजा. कोऱ्या टायरचे उंच ठोकळे जास्त हलतात, म्हणून सुरुवातीची झीज वेगाने होते. पुढे ठोकळे बुटके होतात तशी ती मंदावते. ३,९०० पर्यंतची तीन मोजमापं हातात आली की मगच टायरवर निकाल द्या.

तोवर हवेचं बघा, कारण नव्या डिझाइनसोबत आतला सांगाडाही बदललेला असतो आणि जुन्या टायरला मानवणारी हवा नव्याला मानवेलच असं नाही. सुरुवात गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्याने करा, सकाळी, टायर थंड असताना, स्वतःच्या गेजने. पंपावरच्या मीटरवर विसंबू नका. मग तीस किलोमीटर नेहमीच्या चालीने चालवा आणि उतरल्या-उतरल्या पुन्हा मोजा. ढोबळ नियम असा की गरम टायरमध्ये हवा थंड टायरपेक्षा दहा टक्क्यांच्या आसपास वाढावी. थंड ३२ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) असेल तर गरम साधारण ३५. ती ३८-३९ वर गेली तर सुरुवातीची हवा कमी होती, टायर जास्त मुडपून तापतोय. दोन पीएसआय वाढवा. ३३ वरच अडली तर हवा जास्त आहे, टायर मधल्या पट्ट्यावरच चालतोय आणि तिथेच झिजतोय. वाढवा-कमी करा ते दोन-दोन पीएसआयने, आणि डबलसीटला पुस्तिकेतला वेगळा आकडाच पाळा. एक गंमत तुमच्याच रस्त्यावरची : महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर आहे. तिथे ३२ भरून पोलादपूरला उतरलात तर टायर गळत नसतानाही गेज ३० च्या आसपास दाखवेल, कारण खाली बाहेरच्या हवेचा दाब दोन पीएसआयने जास्त असतो. दोन्हीकडचे आकडे एकमेकांशी ताडू नका.

टायर नीट बसलाय का, हेही एकदा पाहून घ्या; डिझाइनच्या नावावर खपलेले बरेच दोष पंक्चरवाल्याच्या हातचे असतात. रिमच्या कडेलगत टायरवर एक बारीक गोल रेघ असते. ती दोन्ही बाजूंना, सगळीकडे रिमपासून सारख्याच अंतरावर दिसली पाहिजे. एका जागी ती आत गेलेली असेल तर टायरची कड तिथे बसलेलीच नाही, आणि चाक प्रत्येक फेऱ्याला हलकी उसळी घेतं. हवा सोडून, कडेला साबणाचं पाणी लावून पुन्हा भरायची. नुसती हवा वाढवून कड बसवायचा हट्ट नको. टायरवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेला आहे ना? बाजूला रंगाचा ठिपका असेल तर तो व्हॉल्व्हसमोर आलाय ना? तुमचं चाक स्पोकचं आणि ट्यूबचं आहे. नव्या टायरसोबत जुनीच ट्यूब परत घातली असेल तर ती ताणून चुण्या पडलेली असते, नवी घाला. व्हॉल्व्हचं नट रिमला आवळून ठेवू नका, वर टोपीकडे मोकळं ठेवा. ट्यूब रिमवर सरकायला लागली तर व्हॉल्व्ह तिरका होतो आणि तुम्हाला वेळेत दिसतं. आवळलेल्या नटात तो मुळाशीच फाटतो. शेवटी चेनचा ताण आणि स्विंगआर्मवरच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आहेत का पाहा. चाक एक खूण तिरकं असेल तर गाडी एकाच बाजूच्या वळणात जास्त आत पडते. तुमच्याकडे डाव्या-उजव्या वळणांत फरक वाटतो का, हे तुम्ही लिहिलेलं नाही.

एवढं करूनही जे उरेल ते खरं नव्या डिझाइनचं. आणि एक तोटा नक्की उरणार, तो कुठल्याही हवेने जाणार नाही. मधला सलग पट्टा चिखलात चावत नाही. जुन्या टायरच्या सुट्या ठोकळ्यांमधून चिखल बाहेर फेकला जायचा. इथे पट्टा चिखलाने लिंपून जातो आणि लाल मातीच्या चढावर चाक जागेवर फिरतं. ओल्या जांभ्यावरही तेच. बदल्यात डांबरावर जास्त रबर टेकतं, सरळ रस्त्यावर टायर जास्त टिकायला हवा, ब्रेक लावल्यावर ठोकळे मुडपत नाहीत. तुमच्या वापरात रोजचं शहर आणि घाट आहे, दोन्ही डांबरी. कोकणात उतरल्यावर गावातला कच्चा रस्ता किती, आणि तो पावसाळ्यात किती, याचं उत्तर तुम्हीच द्यायचं. वर्षाकाठी पाच-दहा किलोमीटर चिखल असेल तर आमच्या मते हाच टायर ठेवा. दर पावसाळ्यात वाडीपर्यंत मातीतून जावं लागत असेल तर हा टायर तुमच्यासाठी नाही, पण मग जुन्या नावामागेही धावू नका. जिथे मधे सुटे ठोकळे आहेत असा दुसऱ्या कंपनीचा टायर डोळ्यांनी बघून घ्या. साइझ १२०/९०-१७, भार अंक ६४ (म्हणजे २८० किलो) किंवा त्याहून जास्त, आणि आयएसआय शिक्का. दुचाकीच्या टायरसाठी तो आयएस १५६२७ चा असतो. दुकानात १३०/८०-१७ गळ्यात मारायचा प्रयत्न होतो. त्याचा व्यास ८ मिमीने कमी आहे, रुंदी वाढलेली. चेनशी आणि स्विंगआर्मशी मोकळीक कमी होते आणि वळणातला स्वभाव पुन्हा बदलतो. एक तक्रार मिटवायला दुसरी विकत घेऊ नये.

कंपन्या असं का करतात, हे विचारण्यात अर्थ आहे, कारण पुढच्या खरेदीला ते उपयोगी पडतं. हिमालयनसारख्या गाड्या विकल्या जातात साहसाच्या नावावर आणि चालतात बहुतेक डांबरावर. टायरवाल्यांकडे परत येणाऱ्या तक्रारी असतात आवाजाच्या, लवकर झिजल्याच्या आणि पावसात ब्रेकला घसरल्याच्या. चिखलात अडकलेला माणूस क्वचितच दावा घेऊन येतो. मग पुढचा साचा डांबराच्या बाजूने झुकतो. काही कंपन्या बदलासोबत नावही बदलतात : जर्मनीच्या हायडेनाऊने के६० स्काउटनंतरचा टायर के६० रेंजर या वेगळ्या नावाने आणला, त्यामुळे गिऱ्हाइकाला निदान कळतं. पण त्याच के६० स्काउटच्या मागच्या काही साइझमध्ये मधोमध सलग पट्टा होता आणि काहींमध्ये सुटे ठोकळे, एकाच नावाखाली. मिशेलिनचा पायलट रोड ४ २०१४ मध्ये आला तो साधा, जीटी (जड गाड्यांसाठी) आणि ट्रेल अशा तीन प्रकारांत. तेव्हा नुसत्या नावावर टायर मागवणं कुठेच भरवशाचं नाही. साइझ, नावापुढची शेपटी आणि फोटो, तिन्ही मागा. आयात टायरांचं तर आणखी वेगळं : जून २०२० मध्ये परकीय व्यापार महासंचालनालयाने टायरांची आयात मुक्त यादीतून काढून परवान्याखाली आणली, तेव्हापासून परदेशी मॉडेलचा माल सलग मिळेल याची खात्री धरता येत नाही.

पुण्याचा नग. ३७२१ म्हणजे २०२१ चा ३७वा आठवडा, सप्टेंबरचा मध्य. टायर दुकानात पडून राहिला तरी रबराचं वय वाढतच असतं. पाच वर्षांनंतर दरवर्षी बारकाईने तपासावा, दहाव्या वर्षी हात जोडावेत. तुम्ही वर्षाला किती चालवता त्यावरून हिशोब करा. दोन टायर पाच-सहा वर्षांत झिजवलेत, म्हणजे एक टायर जवळपास तीन वर्षं. हा आज घातला तर तो उतरवेपर्यंत त्याचं वय सात-आठच्या घरात जाईल. निवड चालण्यासारखी आहे, पण नव्याच्या किमतीत नाही. चौथा हिस्सा तरी कमी करायला सांगा आणि वॉरंटी बिलाच्या तारखेपासून मोजणार की छापलेल्या, हे बिलावर लिहून घ्या. हातात घेऊन ठोकळ्यांच्या मुळाशी अंगठ्याने वाकवून बघा. तिथे केसासारख्या भेगा दिसल्या तर नको. दोन कडा चिकटून चपट्या झाल्या असतील, म्हणजे वर्षानुवर्षं थप्पीत दबला असेल, तरी नको. दुकानाच्या दर्शनी काचेत उन्हात टांगलेला असेल तर फुकटही नको. आणि घेतलात तर वापरायला घ्या, माळ्यावर साठवायला नाही.

तक्रारीबद्दल. डिझाइन बदलणं हा दोष नाही, त्यामुळे वॉरंटीत 'मला जुनाच द्या' हा दावा बसत नाही. वॉरंटी उत्पादनातल्या दोषाला : फुगवटा, वरचा रबराचा थर सुटणं, ठोकळा मुळासकट तुटणं. तसं काही असेल तर दुकानदार दाव्याचा अर्ज भरतो, कंपनीचा माणूस टायर तपासतो आणि मान्य झाल्यास उरलेल्या खोबणीच्या प्रमाणात सूट मिळते, पूर्ण किंमत नाही. पण कंपनीच्या किंवा दुकानाच्या जाहिरातीत, ऑनलाइन पानावर जुन्या ठोकळ्यांचा फोटो होता आणि माल दुसरा आला असेल, तर गोष्ट वेगळी. ती दिशाभूल ठरू शकते आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ त्यासाठी आहे. त्या पानाचा तारखेसकट स्क्रीनशॉट, बिल, टायरवरचा पूर्ण क्रमांक आणि दोन्ही टायरांचे फोटो जमवा. पहिलं पत्र दुकानदाराला आणि कंपनीला, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथेही न मिटल्यास जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही.

फोटोचा पुरावा नसला तरी कंपनीला लिहा, फक्त 'जुना परत आणा' एवढंच लिहू नका. जुन्या दोन टायरांचे किलोमीटर, नव्याची तीन मोजमापं, थंड-गरम हवेचे आकडे, साइझ, तारखेचा क्रमांक द्या आणि एकच प्रश्न विचारा : जुन्या ठोकळ्यांचा साचा १२०/९०-१७ मध्ये दुसऱ्या कुठल्या नावाने चालू आहे का? साचा महाग असतो, तो एकदम भंगारात जात नाही. कधी कधी तोच टायर दुसऱ्या नावाने विकायला असतो आणि दुकानदाराला माहीत नसतं.